उघडणारा केज: मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी विस्तारक्षम इम्प्लांटची रचना, पायरी पायरीने

कमरेच्या दोन मणक्यांमधली चकती झिजून बसली, वरचा मणका खालच्यावर पुढे सरकला किंवा नस बाहेर पडण्याची वाट अरुंद झाली, आणि औषधे व व्यायाम यांनी भागेनासे झाले, की सर्जन ती चकती काढतात, तिच्या जागी केज (पिंजऱ्यासारखा पोकळ ठोकळा) बसवतात आणि केजच्या आतून-बाहेरून हाड वाढून दोन्ही मणके एकसंध व्हावेत अशी व्यवस्था करतात. पाठीमागून शिरून चकतीच्या जागी हाड बसवण्याचे काम राल्फ क्लोवर्ड यांनी १९४० च्या दशकात सुरू केले. धातूच्या पोकळ केजची कल्पना जॉर्ज बॅग्बी यांनी आधी घोड्यांच्या मानेच्या विकारावर वापरली, आणि तिच्यातून घडलेल्या माणसांसाठीच्या आटेदार केजला अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांची नियामक संस्था) १९९६ साली मान्यता दिली. विस्तारक्षम केज हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे. तो बुटका असताना आत जातो आणि जागेवर पोचल्यावर, बहुतेक रचनांत एक स्क्रू फिरवून, हव्या त्या उंचीपर्यंत उघडला जातो.

या क्षेत्रात नव्याने आलेला अभियंता बहुधा यंत्रणेपासून सुरुवात करतो, कारण पाचरी, दाते आणि स्क्रू यांत त्याचे मन रमते. माझा आग्रह नेमका उलटा आहे. केजचे यशापयश मणक्याच्या एंडप्लेटवर, म्हणजे केज ज्यावर टेकतो त्या मणक्याच्या पृष्ठभागावर, ठरते आणि यंत्रणेने त्या एंडप्लेटला वाहून घेतले पाहिजे. म्हणून पुढचा क्रम हाडापासून सुरू होतो आणि यंत्रणेकडे उशिरा वळतो. विवेचन कमरेच्या भागात पाठीमागून किंवा मागून-बाजूने घालण्याच्या केजपुरते ठेवले आहे. संपूर्ण मणका काढल्यावर त्याच्या जागी बसवायच्या उंच विस्तारक्षम इम्प्लांटचे भार आणि मापे वेगळी असतात, त्यामुळे ते इथे घेतलेले नाहीत.

पहिली पायरी: आत जाण्याची वाट निश्चित करावी

मागून-बाजूने जाताना केज ज्या त्रिकोणी जागेतून सरकतो तिला परविझ कांबिन यांचे नाव आहे. तिची तिरकी बाजू म्हणजे त्या पातळीवर बाहेर पडणारी नस, पाया म्हणजे खालच्या मणक्याची वरची कड, आणि मध्याकडची बाजू म्हणजे खाली जाणारी नस व मज्जावेष्टन. रचनेतील पहिली मर्यादा इथेच येते, आणि ती केजच्या रुंदीपुरती नसून केज धरणाऱ्या हत्याराच्या टोकाच्या रुंदीचीही असते. दहा मिलिमीटर रुंदीचा केज बारा मिलिमीटर रुंदीच्या पकडीने धरला, तर नसेच्या दृष्टीने तो बारा मिलिमीटरचाच झाला. म्हणून मिटलेल्या अवस्थेतील उंची व रुंदी ठरवताना पकडीसह एकच छेद काढावा आणि वेगवेगळ्या बांध्याच्या रुग्णांच्या सीटी स्कॅनवर तो ठेवून पाहावा.

न उघडणारा केज बसवताना सर्जन वाढत्या मापाचे नमुना-ठोकळे एकामागून एक आत घालून जागा मोठी करत जातात आणि शेवटी पूर्ण उंचीचा केज हातोडीने ठोकत नेतात. प्रत्येक ठोक्याला एंडप्लेट खरवडली जाते आणि प्रत्येक फेरीत नसेजवळून एक धातूचा तुकडा जातो. विस्तारक्षम केजचा सर्वांत प्रामाणिक फायदा म्हणजे या फेऱ्या आणि हे ठोके कमी होतात. हाडात रुतण्याचे प्रमाण किंवा मणके जुळण्याचे प्रमाण यांत तो नेहमीच सरस ठरतो, असे आजवरचे अभ्यास एकमुखाने सांगत नाहीत. रचनाकाराने हे मनात स्पष्ट ठेवले, तर तो यंत्रणेकडून अवाजवी अपेक्षा करत नाही.

दुसरी पायरी: एंडप्लेट समजून घ्यावी

एंडप्लेट हे हाडाचे पातळ आवरण असून तिच्याखाली स्पंजासारखे जाळीदार हाड असते. तिची ताकद सगळीकडे सारखी नसते. ग्रँट, ऑक्सलंड आणि ड्वोराक यांनी २००१ साली कमरेच्या मणक्यांच्या एंडप्लेटवर ठिकठिकाणी दाब देऊन तिच्या ताकदीचा नकाशाच तयार केला. त्यात मध्यभाग दुबळा, कडेचा भाग बळकट आणि मागच्या-बाजूच्या कोपऱ्यांतील भाग सर्वांत बळकट आढळला. शिवाय एकाच मणक्याची खालची एंडप्लेट वरच्या एंडप्लेटपेक्षा मजबूत असते. त्यामुळे एका चकतीच्या जागेत केजच्या वर बळकट आणि खाली तुलनेने दुबळा पृष्ठभाग येतो, आणि केज रुतण्याची चिंता खालच्या बाजूला अधिक असते. कमरेच्या पाचव्या मणक्याखाली मात्र त्रिकास्थीची (कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाची) मजबूत एंडप्लेट असते.

यातून निघणारी पहिली सूचना अशी की केज लांब असावा आणि त्याची टोके शक्यतो दोन्ही बाजूंच्या कडेच्या हाडावर टेकावीत. मागून जाण्याच्या वाटेत रुंदी वाढवायला वाव नसतो, म्हणून लांबी, वक्राकार घडण किंवा आत गेल्यावर रुंदीतही उघडणारी रचना हे मार्ग उरतात. रुंदीत उघडणाऱ्या रचनेत सांधे वाढतात आणि प्रत्येक सांधा सैल होण्याची एक नवी जागा असते. माझ्या मते, लांबी आणि वक्रता यांनी काम भागत असेल तर रुंदीतील विस्ताराच्या मागे लागू नये.

दुसरी सूचना पृष्ठभागाच्या आकाराची आहे. एंडप्लेट थोडी खोलगट असते. केजची सपाट प्लेट तिच्यावर कडांनी टेकते आणि जास्त फुगीर प्लेट मध्यावर टेकते, म्हणजे नेमकी दुबळ्या जागी. हलकासा फुगवटा, गोलसर केलेल्या कडा आणि केज मागे सरकू नये एवढेच उंच दाते पुरेसे असतात. दाते उंच केले की पकड वाढते हे खरे, पण उघडताना तेच दाते आधी हाडात घुसतात. मग सर्जनला मिळालेली उंची कागदावर चार मिलिमीटर असली, तरी मणक्यांमधले अंतर तितके वाढलेले नसते.

तिसरी पायरी: उंची आणि बाक यांची मागणी लिहून काढावी

कमरेच्या नैसर्गिक बाकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग चौथ्या मणक्यापासून त्रिकास्थीपर्यंतच्या दोन पातळ्यांत असतो. केजमुळे तिथला बाक सपाट झाला, तर रुग्ण पुढे झुकतो आणि शेजारच्या चकत्यांवर ताण वाढतो. ओटीपोटाच्या हाडाचा ठरावीक कोन आणि कमरेचा बाक यांतील तफावत १० अंशांच्या आत राहावी, असे उद्दिष्ट सर्जन सामान्यतः बाळगतात. म्हणून केवळ समांतर उघडणारा केज पुरेसा आहे की पुढची बाजू अधिक उघडणारा हवा, हे सुरुवातीलाच ठरवावे लागते.

इथे एक भूमितीय गोष्ट वारंवार निसटते. सरळ केज तिरका घातला असेल आणि तो आपल्या लांबीच्या दिशेने १५ अंश उघडत असेल, तर त्या १५ अंशांतील फक्त काही भाग पुढे-मागे बाक देतो. उरलेला भाग मणका एका बाजूला कलवतो. केजची अंतिम दिशा आणि उघडण्याचा अक्ष यांतील कोन आराखड्यात धरूनच उघडण्याची दिशा ठरवावी, नाहीतर बाक द्यायला घातलेला केज वाकडेपणा देऊन बसतो. आडवा, पुढच्या कडेलगत बसणारा वक्र केज या दोषापासून मुक्त असतो, पण त्याची पुढे-मागे रुंदी केवळ दहा मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे १० अंशांच्या बाकासाठी त्याच्या दोन कडांच्या उंचीत जेमतेम पावणेदोन मिलिमीटरचा फरक लागतो. इतक्या छोट्या फरकावर सांध्यांचा ढिलेपणा सहज पाणी फिरवू शकतो.

चौथी पायरी: हाड भरायची जागा आधी राखून ठेवावी

मणके जोडतो तो केज नव्हे, हाड जोडते. यंत्रणा बसवून झाल्यावर उरलेल्या पोकळीला ग्राफ्टची (भरायच्या हाडाची) खिडकी म्हणणे हा मोठा दोष आहे. खिडकीचे क्षेत्रफळ आधी ठरवावे, वर-खाली ती आरपार मोकळी राहील असे पाहावे आणि उरलेल्या जागेत यंत्रणा बसते का हे तपासावे.

त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे उघडल्यावर वाढणारे आकारमान. ८ मिलिमीटर उंचीचा केज १२ मिलिमीटरपर्यंत उघडला की आतील पोकळी दीडपट होते. आधी ठासून भरलेले हाड आता पोकळीचा दोन-तृतीयांश भागच व्यापते आणि एंडप्लेटपासून सुटते. हाडाचा एंडप्लेटशी संपर्क नसेल तर ते दुवा बनून वाढत नाही. म्हणून केज उघडल्यानंतर मागच्या बाजूने हाड भरता येईल असा मार्ग रचनेचा मूळ भाग असला पाहिजे. हा मार्ग बहुधा त्याच छिद्रातून जातो ज्यातून स्क्रूचा चालक (स्क्रू फिरवणारे हत्यार) आत जातो, आणि इथे दोन गरजांची ओढाताण सुरू होते. तीन मिलिमीटरच्या नळीतून हाडाचा चुरा ढकलला की तो पुढे न जाता नळीतच घट्ट बसतो. नळी सरळ, आतून गुळगुळीत आणि टोकाला किंचित रुंद होणारी ठेवावी, आणि तिची चाचणी ओल्या हाडाच्या खऱ्या चुऱ्यावर घ्यावी. कोरड्या वाळूवर किंवा जेलवर घेतलेली चाचणी इथे काहीच सांगत नाही.

पाचवी पायरी: आता यंत्रणा, आणि तिच्या बळाचे गणित

प्रचलित यंत्रणा मोजक्याच आहेत. स्क्रूने ओढल्या जाणाऱ्या पाचरी, कात्रीसारख्या भुजा, दातेरी पट्टी व खटका, एकावर एक सरकवल्या जाणाऱ्या पातळ पट्ट्या, आणि द्रवाच्या दाबावर उघडणारी रचना. कात्रीच्या भुजा गाडीच्या जॅकप्रमाणे वागतात. भुजा जवळजवळ आडव्या असताना, म्हणजे केज पूर्ण मिटलेला असताना, थोडेसे उचलायलाही स्क्रूला प्रचंड ओढ द्यावी लागते, आणि शस्त्रक्रियेत सुरुवातीचा हाच क्षण सर्वांत कठीण असतो. खटक्याची रचना वेगवान असते, पण उंची पायऱ्यापायऱ्यांनीच मिळते आणि केज परत मिटवणे अवघड होते. पाचरीवर कोणतीही मधली उंची मिळते, सर्व भार रुंद पृष्ठभागावर उतरतो आणि तिचे गणित आधीच मांडता येते. म्हणून उदाहरणासाठी पाचरच घेतो.

समजा केज २८ मिलिमीटर लांब, १० मिलिमीटर रुंद असून ८ पासून १२ मिलिमीटरपर्यंत उघडतो. दोन टोकांच्या दोन पाचरी एकाच स्क्रूने एकमेकींकडे ओढल्या जातात. वरची आणि खालची प्लेट प्रत्येकी २ मिलिमीटर सरकायला हवी. उतार ३० अंशांचा असेल, तर प्रत्येक पाचर सुमारे साडेतीन मिलिमीटर आत येते, म्हणजे दोन्ही मिळून केजच्या आतील लांबीपैकी सात मिलिमीटर गिळतात. उतार २० अंशांचा केला तर स्क्रूची ओढ कमी लागते, पण प्रत्येक पाचरीला साडेपाच मिलिमीटरांचा प्रवास लागतो आणि हाडाची खिडकी आक्रसते. ४५ अंशांवर प्रवास दोनच मिलिमीटरांचा राहतो, मात्र ओढ ३० अंशांच्या तुलनेत सुमारे पावणेदोन पट होते. चौथ्या पायरीत खिडकी आधी ठरवायला सांगितले ते यासाठीच, कारण उताराचा कोन तिच्यामुळे आपोआप मर्यादित होतो.

आता बळ पाहू. मणके ४०० न्यूटन बळाने दूर करायचे आहेत आणि धातूंमधील घर्षणगुणांक ०.२ आहे, असे धरू. त्या गुणांकाला जुळणारा घर्षणकोन ११.३ अंशांचा येतो. दोन समोरासमोरच्या पाचरींसाठी स्क्रूतील ओढ म्हणजे ४०० गुणिले ४१.३ अंशांचा (उताराचे ३० आणि घर्षणाचे ११.३ मिळून) टॅन्जंट, म्हणजे सुमारे ३५० न्यूटन. स्क्रू ४ मिलिमीटर व्यासाचा व ०.७ मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) घेतला, तर आट्यांसाठी सुमारे ०.१८ न्यूटन-मीटर आणि स्क्रूच्या डोक्याखालील घर्षणासाठी तितकाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो. एकूण झाला सुमारे ०.३६ न्यूटन-मीटर. इतका टॉर्क बोटांच्या चिमटीतही सहज मिळतो.

खरा धोका इथेच आहे. साध्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने माणूस २ न्यूटन-मीटर सहज लावतो. त्या टॉर्कला हाच केज २,२०० न्यूटन बळ देतो, म्हणजे ७५ किलो वजनाच्या माणसाच्या वजनाच्या तिप्पट. स्क्रूमध्ये तेव्हा येणारा एकत्रित ताण ४०० मेगापास्कलच्या आतच राहतो, आणि टायटॅनियम मिश्रधातूची किमान नमनशक्ती (कायमचा वाकण्याआधी सोसता येणारा ताण) ७९५ मेगापास्कल असल्यामुळे त्याला काहीही होत नाही. केजचा हाडाला टेकणारा पृष्ठभाग मात्र खिडक्या वगळता १४० चौरस मिलिमीटरच्या आसपास उरतो, म्हणजे हाडावर सुमारे १६ मेगापास्कल दाब येतो, आणि एंडप्लेटखालच्या जाळीदार हाडाची ताकद काही थोड्याच मेगापास्कलांची असते. ठिसूळ हाडांच्या रुग्णात ती आणखी कमी असते. मुठीला विशेष काही जाणवण्याआधी एंडप्लेट मोडलेली असते.

म्हणून टॉर्क मर्यादित करणारी मूठ हवीच, पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही, कारण टॉर्क आणि बळ यांचे नाते घर्षणावर अवलंबून असते. वरच्याच केजमध्ये घर्षणगुणांक ०.३ झाला, तर ४०० न्यूटनसाठी ०.६३ न्यूटन-मीटर लागतात. गुणांक ०.१ झाला, तर ०.१६ पुरतात. कोरड्या नमुन्यावर ०.६३ ही मर्यादा ठरवली आणि शस्त्रक्रियेत रक्ताने व चरबीने आटे बुळबुळीत झाले, तर तीच मूठ १,५०० न्यूटनांपर्यंत नेईल, म्हणजे अपेक्षेच्या जवळजवळ चौपट. याला तीन उपाय आहेत आणि तिन्ही एकत्र योजावेत. स्क्रूच्या डोक्याखाली आणि उतारांवर पृष्ठसंस्कार करून घर्षणाचा पट्टा अरुंद करावा. मर्यादा ठरवण्याच्या चाचण्या कोरड्या, ओल्या आणि हाडाच्या चुऱ्याने माखलेल्या अशा तिन्ही अवस्थांत, तसेच पुन्हा पुन्हा उघडून-मिटवून घ्याव्यात. आणि उंचीची खूण मुठीवर इतकी स्पष्ट असावी की सर्जनला टॉर्कपेक्षा उंचीवर आणि सी-आर्मच्या (शस्त्रक्रियागृहातील क्ष-किरण यंत्राच्या) प्रतिमेवर विसंबता यावे. फिरवणे चालू असताना उंची वाढते आहे पण मणक्यांमधले अंतर वाढत नाही, असे प्रतिमेत दिसले तर त्याचा एकच अर्थ होतो, आणि तिथेच थांबावे लागते.

उतारावरून प्लेट निसटू नये म्हणून जीभ-खाचेची जोडणी करावी आणि पूर्ण उंचीला पक्का अटकाव ठेवावा. पूर्ण उघडलेल्या अवस्थेत उताराचा किती भाग एकमेकांना टेकलेला उरतो, हे आवर्जून मोजावे. केजची ताकद त्या उरलेल्या टेकणीवर अवलंबून असते आणि मिटलेल्या अवस्थेतील भरभक्कम आकडे इथे उपयोगी पडत नाहीत.

सहावी पायरी: कुलूप

३० अंशांचा उतार ११ अंशांच्या घर्षणकोनाने स्वतःहून अडत नाही. भार आला की पाचरी बाहेर सरकू पाहतात. त्यांना अडवतो तो स्क्रू, कारण त्याच्या आट्यांचा चढ साडेतीन अंशांच्या आसपास, म्हणजे घर्षणकोनापेक्षा खूप कमी असतो. स्थिर भाराखाली हे कुलूप पुरेसे असते. पण माणूस चालतो, वाकतो, वळतो, आणि लाखो आवर्तनांत स्क्रू हळूहळू उलटा फिरू शकतो. म्हणून दुसरे कुलूप हवे. ते आपोआप लागणारे असेल तर उत्तम, कारण सर्जनने वेगळी कृती करायची असेल तर ती कधीतरी राहून जाईल. मात्र योग्य हत्याराने ते सोडवता आलेच पाहिजे.

सातवी पायरी: साहित्य आणि घडण

टायटॅनियम मिश्रधातूची लवचिकतेची मात्रा (आकडा जितका मोठा तितका पदार्थ ताठ) सुमारे ११० गिगापास्कल, पीक (PEEK) या प्लास्टिकची ४ गिगापास्कलच्या खाली आणि कठीण हाडाची साधारण १२ ते २० गिगापास्कल. या आकड्यांवरून पीकचा केज हाडाला सौम्य असतो असे सरसकट म्हटले जाते, पण केजचा ताठपणा पदार्थ आणि आकार या दोघांनी मिळून ठरतो. सच्छिद्र छपाई केलेली पातळ टायटॅनियम प्लेटही लवचिक करता येते. पीकमधून क्ष-किरण आरपार जातात, त्यामुळे हाड जुळते आहे का ते दिसते, पण हाड त्याला चिकटून वाढत नाही. उघडणाऱ्या यंत्रणेचे पातळ उतार पीकमध्ये टिकवणे कठीण असल्याने यंत्रणा टायटॅनियमचीच करावी लागते. माझा कल पूर्ण टायटॅनियमकडे आहे, मात्र बाजूंना मोठ्या खिडक्या ठेवून, म्हणजे सीटी स्कॅनमध्ये आतले हाड दिसेल.

टायटॅनियमवर टायटॅनियम घासले की पृष्ठभाग एकमेकांना चिकटून खरवडले जातात. उतार आणि आटे यांवर योग्य ॲनोडायझिंग (विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर चढवणे) करावे किंवा स्क्रूसाठी कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातू वापरावा. दुसरा पर्याय निवडल्यास दोन धातूंच्या घासणीतून होणारे गंजणे तपासावे. त्रिमितीय छपाईत ३०० ते ६०० मायक्रोमीटरची छिद्रे हाडाला आत वाढायला सोयीची ठरतात, पण छपाईचा खडबडीत पृष्ठभाग आवर्ती भाराखाली तडे जन्माला घालतो. म्हणून भार वाहणारे उतार व आटे छपाईनंतर यंत्रावर तासून घ्यावेत आणि सच्छिद्र भाग फक्त हाडाकडे तोंड करून ठेवावा. जाळीत अडकलेली न वितळलेली पूड काढणे हा उत्पादनातील कटकटीचा भाग आहे. ती निघाली हे सिद्ध करण्याची पद्धत रचना पक्की होण्याआधी हाती असावी.

आठवी पायरी: हत्यारे

केज आणि त्याची पकड यांचा एकत्र विचार न करणाऱ्या रचना शस्त्रक्रियागृहात अडखळतात. पकडीला तीन कामे असतात. हातोडीचे ठोके सोसणे, केज वळवताना न सुटणे आणि आतून चालक जाऊ देणे. ठोक्याचा भार यंत्रणेतून न जाता केजच्या मागच्या भक्कम ठोकळ्यावर जावा, कारण अर्धवट आटे गुंतलेल्या स्क्रूवर ठोके बसले की उघडण्यापूर्वीच तो बिघडतो.

केज काढण्याचे हत्यार शेवटी सुचते आणि तिथे चूक होते. मिटवण्याचा स्क्रू दोन वर्षांनी हाडाने व पेशींनी झाकलेला असेल, त्याच्या डोक्याची खाच भरलेली असेल. खाच खोल ठेवावी, चालकाला स्वतःची वाट शोधता यावी असे निमुळते तोंड द्यावे, आणि यंत्रणा अडकल्यास केज उघडलेल्या स्थितीतच बाहेर ओढता येईल अशी दुसरी पकड उपलब्ध ठेवावी.

नववी पायरी: चाचण्या

भारांचा अंदाज घ्यायला विल्के आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेली मोजमापे आजही आधारभूत आहेत. एका निरोगी व्यक्तीच्या कमरेच्या चकतीतील दाब आडवे पडल्यावर सुमारे ०.१, सरळ उभे राहिल्यावर ०.५ आणि कंबर वाकवून २० किलो उचलताना २.३ मेगापास्कल आढळला. म्हणजे उभे राहण्याच्या साडेचार पट भार एका चुकीच्या उचलण्यात येतो, आणि रुग्णाकडून अशी एखादी चूक होणार हे गृहीत धरावे.

केजच्या ताकदीसाठी एएसटीएम एफ २०७७ हे मानक आहे. त्यात दाब, दाबासह कातर (आडवे सरकवणारे बळ) आणि पीळ यांच्या स्थिर व आवर्ती चाचण्या असून आवर्ती चाचणी ५० लाख आवर्तनांपर्यंत चालते. रुतण्याची प्रवृत्ती मोजायला एएसटीएम एफ २२६७ असून त्यात हाडाऐवजी ठरावीक घनतेचा पॉलियुरेथेन फोम वापरतात. विस्तारक्षम केजच्या बाबतीत कोणता नमुना सर्वांत कमकुवत हे आधी ठरवणे हीच खरी कसोटी आहे. बहुतेकदा तो लहान पायाचा, पूर्ण उघडलेला आणि सर्वाधिक बाक दिलेला असतो. पण मधल्या एखाद्या उंचीला दोन उतारांची टेकणी सर्वांत कमी होत असेल, तर तो नमुनाही घ्यावा लागतो. ही निवड संगणकीय विश्लेषणाने करायची असेल, तर ते विश्लेषण आधी प्रत्यक्ष चाचणीशी ताडून घ्यावे. ५० लाख आवर्तनांनंतर केज मोडला नाही एवढ्यावर समाधान मानू नये. त्याची उंची किती घटली, स्क्रू किती अंश उलटा फिरला आणि किती व कोणत्या आकाराचे धातुकण सुटले, हे नोंदवावे. याशिवाय जैवसुसंगततेसाठी आयएसओ १०९९३, जोखीम व्यवस्थापनासाठी आयएसओ १४९७१ आणि वापरसुलभतेसाठी आयईसी ६२३६६-१ यांची कामे चाचण्यांच्या बरोबरीनेच चालवावीत. रचना संपल्यावर लिहिलेली जोखीम-यादी रचनेला काहीच शिकवत नाही.

अमेरिकेत स्वतःच्या हाडाच्या ग्राफ्टसह वापरल्या जाणाऱ्या अशा केजचे २००७ साली जोखमीनुसार ठरणाऱ्या वर्गांपैकी दुसऱ्या वर्गात पुनर्वर्गीकरण झाले. हाडवाढीची औषधी द्रव्ये असलेले केज मात्र तिसऱ्याच वर्गात राहिले. युरोपच्या २०१७/७४५ क्रमांकाच्या नियमावलीत कण्याला स्पर्श करणारी इम्प्लांट साधारणपणे तिसऱ्या वर्गात येतात. कोणत्या बाजारपेठेसाठी केज बनवायचा हे पहिल्याच महिन्यात ठरले, तर नैदानिक पुराव्याची तयारी वेळेत सुरू करता येते.

मृतदेहांवरील सरावात केवळ बळकट हाडांचे नमुने घेऊ नयेत. घनता कमी असलेले मणके मुद्दाम मागवावेत, वेगवेगळ्या हातांच्या सर्जनना केज उघडू द्यावा, आणि प्रत्येकाने कोणत्या टॉर्कला व उंचीला थांबायचे ठरवले ते त्यांना न सांगता नोंदवावे. नंतर मणके वेगळे करून एंडप्लेट उघड्या डोळ्यांनी तपासावी. प्रतिमेत सुंदर दिसणाऱ्या केजखाली एंडप्लेटला तडा गेलेला आढळतो, आणि तो पाहिल्यावर टॉर्कची मर्यादा कागदावर ठरवण्याचा मोह राहत नाही.

दहावी पायरी: वापरात आल्यानंतर

पुन्हा शस्त्रक्रिया करून काढलेला प्रत्येक केज परत मिळवण्याची व्यवस्था रुग्णालयांशी आधीच ठरवून ठेवावी. तो हाती आल्यावर कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. संसर्गाची काळजी घेऊन, पण साफ करण्याआधी, त्याची छायाचित्रे काढावीत आणि उंची मोजावी. ती उंची शस्त्रक्रियेच्या नोंदीतील उंचीशी ताडावी. त्यानंतर खिडकीतील पेशींचा नमुना वेगळा करून हाड, तंतुमय ऊती आणि धातुकण यांसाठी तपासायला पाठवावा, आणि मगच स्क्रू सोडवावा. स्क्रू सोडवायला किती टॉर्क लागला ती नोंद पुढच्या आवृत्तीच्या कुलपासाठी सर्वांत मोलाची असते, आणि केज आधीच साफ करून उघडून ठेवला असेल तर ती पुन्हा कधीच मिळत नाही.